धाकल्या सरकारांना काय म्हणायचं?

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन दरवर्षी माझ्या माथी येतं. मी मराठी शिकवतो आणि उर्दूही शिकवतो, आणि ज्याला चार शेर पाठ आहेत त्याला माइकची भीती नसते असा लोकांचा समज आहे. मी स्वतः माइकपुढे जात नाही. मजकूर लिहून देतो, मुलं बोलतात.

दोन वर्षांपूर्वी प्रमुख पाहुणे म्हणून एका जुन्या सरदार घराण्यातले गृहस्थ यायचे होते. घराणं कोणतं ते सांगत नाही, आणि त्यांची काही चूकही नाही. आदल्या दिवशी कमिटीतल्या एका सद्गृहस्थांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. पाहुण्यांबरोबर त्यांचा मुलगा येणार आहे, वय वर्षं सहा. त्याचंही स्वागत करायचं. नावाआधी 'श्रीमंत युवराज', नावानंतर 'राजे', आणि निवेदन करणाऱ्या मुलीने त्याला 'आपण' म्हणायचं.

निवेदन करणारी मुलगी आठवीतली. तिचे वडील गवंडीकाम करतात. तिने मजकूर वाचला, पुन्हा वाचला आणि मला विचारलं, "सर, तो माझ्या भावाएवढोच असतलो ना? मग तेका 'आपण' कित्याक म्हणूचा?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. शिक्षकाचं हे जुनं उत्तर आहे. उत्तर माहीत नसलं की आपण उद्यावर ढकलतो.

त्या रात्री घरी येऊन मी आधी शब्दकोश काढले. माझी सवयच तशी आहे, जिथे मन अडखळतं तिथे मी शब्दांच्या मुळाशी जाऊन बसतो. पहिला शब्द घेतला 'साहेब'. मूळ अरबी शब्द, साहिब. अर्थ काय? सोबती. बरोबर राहणारा. प्रेषितांच्या सोबत्यांना आपण 'सहाबा' म्हणतो, तो याच धातूचा शब्द. त्या सहाबांमध्ये हजरत बिलाल होते, जे आधी गुलाम होते. सोबत बसणाऱ्याचा शब्द फारसीतून हिंडत हिंदुस्थानात आला आणि ज्याच्यासमोर बसायची सोय नाही अशा माणसाला चिकटला. मग त्याच्या मुलालाही. साहेबजादा.

हे 'जादा' प्रकरण मजेशीर आहे. फारसीत 'ज़ादा' म्हणजे जन्मलेला. शहाचा तो शहजादा, नवाबाचा तो नवाबजादा, पीराचा तो पीरजादा. आपल्याकडे पीरजादे हे आडनावच आहे. अमीराचा मुलगा अमीरजादा, आणि तो शब्द झिजत झिजत 'मिर्झा' झाला. इराणात तर मिर्झा नावाच्या मागे लागला की राजपुत्र आणि पुढे लागला की शिकलेला माणूस, कारकून, मुनशी. म्हणजे एकाच शब्दाची जागा बदलली की माणूस तख्तावरून बैठ्या मेजाशी येतो. आणि रस्त्यावरच्या भांडणात जी शिवी पहिल्यांदा तोंडात येते तिच्या शेपटीलाही हाच 'जादा' असतो. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात आणि प्रत्यय कायमचा लक्षात राहतो.

मराठीकडे वळलो. आपल्या जुन्या घराण्यांत मुलांना हाक मारायची रीत फारसीसारखी नाही. 'राजाचा मुलगा' असं कुणी म्हणत नाही. घरातली साधी नाती घेतात आणि त्यांना 'साहेब' जोडतात. बापू, आबा, बाळा, भाऊ, दादा, आक्का, आऊ. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मुलगी राधाबाई जगाला आक्कासाहेब म्हणून माहीत. राघोबा पेशवा तो दादासाहेब, पानिपतावर गेले ते भाऊसाहेब. आमच्या सिंधुदुर्गात सावंतवाडीचे पाचवे खेम सावंत यांना आजही कुणी खेम सावंत म्हणत नाही, ते बापूसाहेब महाराजच. १८९७ चा जन्म, १९१३ साली गादीवर, १९२४ साली पूर्ण अधिकार, १९३७ साली निधन. आपल्या पोटच्या पोराला 'बापू' म्हणजे बाप म्हणायचं, याची एक घरगुती गोष्ट आहे. नातवाला आजोबांचं नाव ठेवलं की घरातल्या सुनेला ते उच्चारता येत नाही. सासऱ्याचं नाव कसं घेणार? मग तिने पाळण्यातल्या पोराला बापू, आबा, तात्या म्हणायचं. ही अडचण राजवाड्यातल्या सुनेला होती तशीच गोठ्यात शेण काढणाऱ्या सुनेलाही होती. फरक शेवटच्या तीन अक्षरांचा. गरिबाचा बापू नुसता बापू राहिला.

सावंतवाडीच्या राजांची मोठी पदवी मात्र घरातली नाही. तिसऱ्या खेम सावंतांचं लग्न १७६३ साली जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी झालं आणि त्या नात्याच्या जोरावर दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' ही पदवी आली. शेजारच्या कोल्हापूरकरांना ती भारी झोंबली. अर्धा शब्द संस्कृत, अर्धा फारसी, देणारा मोगल, घेणारा मराठा. आमच्या धर्मांवरून भांडणाऱ्यांनी हा एक शब्द मध्ये ठेवून बसावं असं मला कधीकधी वाटतं.

त्याच सावंतवाडीची गंजिफा तुम्हाला ठाऊक असेल. लाखेच्या रंगांतले गोल पत्ते. ही कला मरायला टेकली होती, ती शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींनी वाड्यात चितारी बसवून जगवली. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, मिळून १२०. बारा पानांत एक राजा, एक प्रधान आणि दहा साधी पानं. युवराजाचं पानच नाही. म्हणजे खेळ ज्यांनी रचला त्यांना राज्य चालवायला राजा लागतो, प्रधान लागतो, रयत लागते एवढंच वाटलं असावं.

इंग्रजांकडे याचं पुस्तकी शास्त्र आहे. ड्यूकचा थोरला मुलगा बापाची दुय्यम पदवी उसनी वापरतो, धाकटे मुलगे नावाआधी 'लॉर्ड' लावतात, मुली 'लेडी'. अर्लच्या मुली लेडी, पण त्याचे धाकटे मुलगे मात्र फक्त 'ऑनरेबल'. आणि ते ऑनरेबल पाकिटावर लिहायचं, तोंडाने म्हणायचं नाही. राजपुतान्यात हिशेब जिवंत माणसांवर चालतो. बाप हयात असेल तर मुलगा कुंवर, आजा हयात असेल तर नातू भंवर. म्हणजे घरात मयत झाली की मुलांची हाक बदलते. मला हे वाचून कसंतरीच झालं. कुणी गेल्याचं दुःख आणि आपल्या नावाची बढती एकाच दिवशी.

पण पदवी आणि मूल यांची सगळ्यात विचित्र गोष्ट आपल्या विदर्भातली आहे. वऱ्हाड नावाला निजामाचं, कारभार इंग्रजांचा. १८५३ साली इंग्रजांनी तो हातात घेतला, १९०२ साली कायमचा भाडेपट्टा करून घेतला. निजाम मीर उस्मान अली खान वऱ्हाड परत मागत राहिले. वऱ्हाड मिळालं नाही. १९३६ च्या करारात मिळालं ते एवढंच: त्यांच्या वारस मुलाला, आजम जाह यांना, 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणायचं. अकोल्याच्या, अमरावतीच्या शेतकऱ्याने ज्याच्याकडे कधी सारा भरला नाही असा त्यांचा राजपुत्र. त्यांची बेगम दुर्रेशहवार ही शेवटच्या उस्मानी खलिफाची मुलगी. १९२४ साली खिलाफत गेली, घराणं देशोधडीला लागलं, आणि १९३१ साली फ्रान्समधल्या नीस शहरात हे लग्न झालं. जिच्या बापाचं राज्य गेलं होतं ती मुलगी अशा नवऱ्याच्या घरी आली ज्याला न मिळालेल्या राज्याचं नाव पुढे मिळायचं होतं. आणि हा प्रिन्स निजाम झालाच नाही. उस्मान अलींनी वारस नेमला तो नातू, मुकर्रम जाह. १९६७ साली गादी नातवाकडे गेली, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि मान्यता दोन्ही संपल्या.

आणखी एक मूल मला कायम आठवतं. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा. १७३४ चा जन्म. पेशव्याचा मुलगा म्हणजे राव व्हायला हवा, श्रीमंत व्हायला हवा. पुण्यातल्या ब्राह्मणांनी मुंज नाकारली. मग तो शमशेर बहादूर झाला. तलवारीचा बहादूर. घराण्याची हाक मिळाली नाही म्हणून हत्याराचं नाव. भाऊसाहेबांबरोबर तोही १७६१ साली पानिपतावर लढला आणि त्या जखमांनी गेला, तेव्हा सत्तावीसही पुरे झाले नसतील. त्याचा मुलगा अली बहादूर बुंदेलखंडात गेला आणि त्याच्या वंशजांना लोक बांद्याचे नवाब म्हणू लागले. १८५७ मध्ये त्या घरातला दुसरा अली बहादूर इंग्रजांविरुद्ध उठला. (हे बांदा म्हणजे आपलं सावंतवाडीजवळचं बांदा नव्हे. दरवर्षी वर्गात एक तरी मुलगा "सर, थय माझी मावशी रवता" म्हणतो.) बाप एक, पण एका बायकोची मुलं नानासाहेब आणि दादासाहेब, दुसरीचा मुलगा शमशेर. हाक मारण्यावरून माणसाची जागा ठरते, याला मराठ्यांच्या इतिहासात यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

पण मी हे सगळं शोधत होतो ते खरं तर टाळाटाळ म्हणून. त्या मुलीचा प्रश्न इतिहासाचा नव्हताच.

आमचं घर मसुऱ्यात. एका अंगाला भरतगड, सावंतांचा. खाडीच्या पलीकडे भगवंतगड, बावड्याच्या पंत अमात्यांचा. दोन घराण्यांनी एकमेकांवर डोळे वटारायला बांधलेले दोन डोंगर, आता दोन्हीकडे झाडं. माझे आजोबा, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, कूळ म्हणून खोताची जमीन कसायचे. खोती कायद्याने १९४९ साली गेली, कूळकायदा आला, १९५७ च्या १ एप्रिलला जमीन कसणाऱ्याची झाली. सातबारा बदलला तरी तोंडातली हाक बदलली नव्हती. मी पाच-सहा वर्षांचा असेन. खोतांचा नातू माझ्याच वयाचा. तो वाटेत दिसला की बाबा डोक्यावरचा भारा खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "सलाम, धाकले सरकार." तो पोरगा मान हलवायचा, किंवा हलवायचा नाही. आणि "अरे, माझो बॉल बघलंस?" असं माझ्या साठीच्या आजोबांना विचारायचा. बाबा बॉल शोधून द्यायचे.

ही गोष्ट इथेच थांबवली असती तर सोपं झालं असतं. आम्ही खाली, ते वर. पण सुट्टीत मी आईच्या माहेरी जायचो. आजोळ काझींचं. काझी, खतीब, इनामदार, देसाई, नाईक ही सगळी मुळात कामांची नावं. काम गेलं, नाव पोरांच्या जन्मदाखल्यावर राहिलं. नानांच्या घरात काझीपण पिढीजात होतं. तिथल्या मशिदीचा हौद धुणारा, सफा अंथरणारा एक म्हातारा होता. दर्यावर जाणाऱ्या लोकांपैकी. नानांच्या घरातले लोक त्याच्या घरचं पाणी पीत, पण सोयरीक करत नसत. इतकं बोललं तरी माझ्या वाचकांपैकी अर्ध्यांना मी काय म्हणतोय ते समजेल. आपल्यात जात नसते असं आपण बाहेर सांगतो. तो म्हातारा मला पाहिला की उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, "या छोटे काझी."

मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू? मसुऱ्यात मी कुळाचा पोर, पन्नास मैलांवर छोटे काझी. एस्टीत बसलो की माझी पदवी बदलायची. महिनाभर मी त्याला "अरे" म्हणालो. नानी ऐकायची, नाना ऐकायचे, कुणी काही बोललं नाही.

सवय लागली आणि मी ती मसुऱ्याला घेऊन आलो. खाडीवर तर चालायची तेव्हा. बाबांबरोबर होडीत बसताना मी तरवाल्याला म्हटलं, "अरे, जरा इकडे घे." तो बाबांच्याच वयाचा, हिंदू. तो हसला, त्याला काहीच वाटलं नाही. बाबांनी मला होडीतून खाली उतरवलं. होडी भरलेली, सगळे बघताहेत. म्हणाले, "तेका मी दादा म्हणतंय. तू कोण मोठो?" मी चिखलात उभा. मला रडू आलं आणि रडता रडता मी माझ्या मते मोठाच पेच टाकला. म्हटलं, तुम्ही नाही का त्या पोराला सरकार म्हणत? भारा उतरून सलाम करता तो?

बाबा लगेच काही बोलले नाहीत. तर निघून गेली, आम्ही दुसऱ्या खेपेची वाट बघत काठावर बसलो. मग म्हणाले, "मी सरकाराक सलाम करनंय नाय. पोराक करतंय. तुका पण करतंय मां?"

आणि ते खरं होतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाबा वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक पोराला आधी सलाम करायचे. आमच्या वाडीतल्या, वरच्या वाडीतल्या, शेंबड्या, नागड्या. मोठा झाल्यावर, हदीस वाचायला लागल्यावर मला याचं मूळ सापडलं. रीत अशी की लहानाने मोठ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला, वाहनावरच्याने चालणाऱ्याला आधी सलाम करावा. पण प्रेषित स्वतः मुलांजवळून जाताना आधी त्यांना सलाम करत, हेही नोंदलेलं आहे. बाबांना लिहिता वाचता येत नव्हतं. कुठल्या तरी वाझमध्ये ऐकलं असेल आणि घट्ट धरून ठेवलं असेल. खोताच्या पोराला सलाम करावा लागणारच होता, मग त्यांनी सगळ्या गावातल्या पोरांना करायला सुरुवात केली.

'धाकले सरकार' हे दोन शब्द मात्र त्यांना टाळता आले नाहीत. आणि भारा ते फक्त एकासाठीच उतरायचे. हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही.

उर्दूत आप, तुम, तू. मराठीत आपण, तुम्ही, तू. दोन्ही शिकवताना मी मुलांना सांगतो की आदर वरच्या पायरीवर असतो असं समजू नका. अल्लाहला आपण 'तू' म्हणतो. मराठीत आईला बहुतेक घरांत 'तू' आणि बापाला 'तुम्ही'. आमच्या गावच्या गाऱ्हाण्यात देवाला 'म्हाराजा' म्हणतात आणि त्याच दमात 'तू' म्हणून हक्काने काम सांगतात. आणि लखनौ-हैदराबादच्या जुन्या घरांत लहान मुलांनाही 'आप' म्हणत, ते पोरगं मोठं आहे म्हणून नव्हे, तर ते ऐकून ऐकून दुसऱ्याला 'आप' म्हणायला शिकावं म्हणून. ही पद्धत मला पटते. माझ्या मुलीला मी घरात 'आप' म्हणतो. बायको हसते, म्हणते, पोरगी 'आप' म्हणून घेते आणि आपल्याला 'तू' म्हणते. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मजकूर बदलला. 'श्रीमंत युवराज' काढलं, 'राजे' काढलं. मुलाचं नाव आणि त्याच्याआधी 'चिरंजीव'. आपल्या पत्रिकांवर छापतो तो 'चि.' पाटलाच्या पोरालाही लागतो, गवंड्याच्याही. दीर्घायुषी हो, एवढाच त्याचा अर्थ. 'आपण' मात्र राहू दिलं. मुलीला म्हटलं, तुला ते पटत नसेल तर एक कर. बक्षीस घ्यायला जी जी मुलं मंचावर येतील त्या सगळ्यांना 'आपण' म्हण. पहिलीच्या पोरांनाही. ती म्हणाली, "सगळी हसतली." मी म्हटलं, हसू देत.

तसंच झालं. "चिंच गोळा करण्याच्या स्पर्धेत आपण प्रथम आलात" असं तिने पहिलीतल्या एका बारक्याला म्हटलं आणि सभागृह कोसळलं. तो बारका गंभीर चेहऱ्याने प्रमाणपत्र घेऊन गेला. पाहुण्यांचा मुलगा मंचावर आला तेव्हा तिने त्याला त्याच सुरात "आपण" म्हटलं आणि खाली बसलेल्या लोकांना आधीच्या हसण्याच्या ओघात काही वेगळं वाटलंच नाही. त्या मुलाने माइक ओढून स्वतःचं घरातलं टोपणनाव सांगितलं आणि चिंचा कुठे आहेत ते विचारलं. पाहुणे मनापासून हसले. भाषणात त्यांनी पदवीचा विषय काढला नाही, शाळेला पुस्तकांसाठी देणगी दिली आणि वेळेत गेले.

कमिटीतले सद्गृहस्थ मात्र नाराज झाले. चिठ्ठीत लिहून दिलेलं असताना तुम्ही गाळलंत कसं, असं त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, आणि मला विचारताना 'तू' म्हणाले. ते माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान असतील. मी 'तुम्ही'च म्हणत राहिलो. त्यात आदर किती होता आणि खुन्नस किती, मलाच सांगता येणार नाही.

गेल्या वर्षी सूत्रसंचालन दुसऱ्या सरांकडे गेलं. ती मुलगी आता दहावीत आहे. मधल्या सुट्टीत तिचा भाऊ मैदानावर दिसला. मी म्हटलं, "सलाम, चिरंजीव." तो दचकला आणि ताईच्या मागे लपला.